सात नंबरची बाटली

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजले, की एकनाथराव बिरादार समुद्र करायला घेत.

'समुद्र करणं' हा शब्द त्यांचाच. हैदराबादच्या जामबागेतल्या त्या जुन्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात तो इतका मुरला होता, की कुणालाच त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. "अटेंडर काका कुठं गेले?" असं कुणी विचारलं तर उत्तर यायचं, "मागं आहेत, समुद्र करायलेत." आणि खरंच, मागच्या खोलीत एकनाथराव दहा लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं समुद्री मीठ ढवळत उभे असत. मीठ विरघळलं की काचेचा एक मापक पाण्यात सोडायचा. तो ठरलेल्या रेघेपर्यंत वर आला, की खारटपणा जमला. मग ओळीनं मांडलेल्या बाटल्यांतून मोजके थेंब, मग मोठा कुकर, मग रात्रभर थंड करणं आणि मंगळवारी सकाळी त्या ताज्या समुद्रात जुन्या समुद्रातले रहिवासी थोडे थोडे सोडणं.

रहिवाशाचं नाव स्केलेटोनेमा. हा एक डायटम आहे. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर सापडतो; थंड पाण्यात, कोमट पाण्यात, नदी जिथं समुद्राला मिळते तिथल्या कमी खाऱ्या पाण्यातसुद्धा. जीव एका पेशीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, पण राहतो काचेच्या घरात. स्वतःभोवती काचेची झाकणाची डबी बांधतो. डबीच्या काठावरून काचेच्या बारीक काड्या निघतात आणि शेजारणीच्या काड्यांना जाऊन भिडतात. अशा दहा-पंधरा डब्या जोडल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी-तपकिरी मण्यांची माळ दिसते. मणी ऊन खातात, प्राणवायू सोडतात, आणि सगळं मनासारखं असलं तर दिवसाला दुप्पट होतात.

जामबागेतली माळ मूळची काकिनाड्याची. अठरा वर्षांपूर्वी विभागातल्या प्राध्यापिका निर्मलाबाईंनी तिथल्या किनाऱ्यावरचं पाणी बाटलीत भरून आणलं, त्यातली एकच पेशी बारीक नळीनं उचलून वेगळी केली आणि वाढवली. आता फडताळातल्या बारा चंबूंमध्ये जे काही होतं, ती सगळी त्या एकीची लेकरं. बाई सिकंदराबादच्या. घरात तीन पिढ्या मास्तरकी आणि वकिली. बोलणं तोलून मापून. एकनाथराव त्यांच्या अगदी उलट्या टोकाचे. आजोबा उदगीरकडचे, जोंधळ्याच्या रानातले. वडील शहरात आले ते कॉलेजच्या बागेत माळी म्हणून. एकनाथराव मराठी शाळेतून दहावी झाले आणि त्याच कॉलेजात अटेंडर लागले. त्यांना वनस्पतिशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना बाईंनी फक्त एक वाक्य सांगितलं होतं, "एकनाथराव, यांना रोज बघा. काय बघायचं ते आपोआप कळेल."

तसं ते कळत गेलं. खिडकीजवळचा चंबू आठवड्यात फिकट होतो आणि मागच्या सावलीतला गडद होतो, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं सावलीतलं बिघडलं. बाई म्हणाल्या, "बिघडलं नाही. ऊन कमी मिळालं म्हणून ऊन पकडायचा रंग वाढवला त्यांनी. जाळं मोठं केलं म्हणा." एकनाथराव घरी जाऊन बायकोला, सुनंदाबाईंना म्हणाले, "माणूस उन्हात काळा पडतो. हे सावलीत पडायलेत."

"मग तुमच्यासारखेच की," सुनंदाबाई म्हणाल्या. "दिवसभर त्या मागच्या खोलीत राहून तुम्ही कुठं गोरे झालात?"

एका मे महिन्यात तीन दिवस वीज ये-जा करत होती. खोलीचा एसी बंद. एकनाथरावांनी चंबू ओल्या फडक्यात गुंडाळून मोठ्या माठात उतरवले आणि वर ओलं पोतं टाकलं. बारातले नऊ मेले, तीन तगले. ज्या तिघांत जीव राहिला, त्यांच्यापासून पुढचे सगळे चंबू भरले गेले. मग असे उन्हाळे येत राहिले, दर उन्हाळ्यात काही मरत, काही तगत. होता होता या जामबागेतल्या माळेला उष्णता इतकी सोसायला लागली, की समुद्रातल्या तिच्या भावंडांनी हात टेकले असते.

आणखी एकदा एक अजब गोष्ट घडली होती. डायटमची पेशी दुभंगते तेव्हा डबीचं झाकण एकीला जातं, तळ दुसरीला, आणि जिच्या वाट्याला जे येईल त्याचं ती झाकण करते. आत नवा तळ बांधते, तो साहजिकच थोडा लहान. म्हणजे पिढीगणिक डब्या बारीक होत जातात. सातव्या-आठव्या वर्षी एकनाथरावांना मणी अगदी तांदळाच्या कण्यांसारखे दिसायला लागले. ते धास्तावले. आणि मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकात मोठेच्या मोठे गोल फुगे. "बाई, हे कोण शिरलं यांच्यात?" निर्मलाबाई धावत आल्या, डोळा लावला आणि पाच मिनिटं हलल्या नाहीत. "कुणी शिरलं नाही हो. त्यांनी घर सोडलं. काच टाकून उघडे झाले, फुगले, आता मोठं घर बांधतील." पंधरा दिवसांत मणी पुन्हा पहिल्याएवढे झाले. एकनाथरावांनी त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला हाताला धरून ते दाखवलं, अकाउंट्सच्या क्लार्कलासुद्धा.

या सगळ्यातून एक गोष्ट कॉलेजभर पसरली. एकनाथरावांना हातगुण आहे. दुसऱ्या एका कॉलेजनं हाच डायटम नेला होता, तो दोन महिन्यांत मेला. पुन्हा नेला, पुन्हा मेला. तिथल्या प्राध्यापकांनी फोन करून कृती मागितली. निर्मलाबाईंनी भिंतीवरचा टाइप केलेला तक्ता जसाच्या तसा पाठवला आणि हसत म्हणाल्या, "तक्ता पाठवलाय. एकनाथरावांचा हात पाठवता येत नाही." हे वाक्य एकनाथरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्याबद्दल एवढं मोठं कुणी बोललं नव्हतं. स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही बाईंनी तेच वाक्य माइकवर सांगितलं, तेव्हा सुनंदाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

तक्त्याची गोष्ट मात्र अशी होती. तक्त्यात सात औषधं होती. नावं इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून बाईंनी सुरुवातीलाच प्रत्येक बाटलीवर लाल रंगानं आकडा घातला होता. एकनाथरावांसाठी ती एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशीच होती. चौदा वर्षांपूर्वी विभागातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र जळालं. "नवी कॉइल येईपर्यंत बोअरचं पाणी गाळून वापरा," बाई म्हणाल्या. कॉइल आली नाही. बोअरचं पाणी सुरू राहिलं. पण त्या पाण्यात सात नंबर घातला आणि कुकर लावला, की समुद्राचं ताक व्हायचं. पांढरं फटक. दोनदा पातेलं ओतून द्यावं लागलं. तिसऱ्या सोमवारी एकनाथरावांनी सात नंबर घातलाच नाही. समुद्र स्वच्छ राहिला, मणी झकास वाढले. पुढच्या सोमवारीही तसंच. भाजीत एखादा मसाला संपला आणि चवीत फरक पडला नाही, तर कोण सांगत बसतं? त्यांनीही सांगितलं नाही. वर्षभरात ते स्वतःच विसरून गेले. बाटली मात्र ओळीत सातव्या जागी उभी होती, दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसली जायची.

बाई निवृत्त झाल्यावर प्राची मॅडम आल्या. वय एकतीस. दिलसुखनगरच्या, म्हणजे एकनाथरावांच्याच वस्तीतल्या. पण त्यांचं मराठी तीन भाषांच्या खिचडीतलं, आणि वाचायचं झालं तर बोट ठेवून. मात्र कामाला वाघ. या उष्णता सोसणाऱ्या माळेवरच त्यांचं सगळं संशोधन उभं होतं. ही जात जगात दुसरीकडं कुठंच नव्हती, या बारा चंबूंतच.

आणि फेब्रुवारीत कॉलेजात नवं आरओ यंत्र बसलं.

"काका, आता बोअरचं पाणी नक्को," प्राची मॅडम खुशीत म्हणाल्या. "एकदम प्युअर पाणी. आपले पोट्टे लै खूष होतील."

पोट्टे म्हणजे डायटम. पहिल्या आठवड्यात ते खूष होतेच. दुसऱ्या आठवड्यात जरा मंदावले. तिसऱ्या आठवड्यात एकनाथरावांनी सकाळी फडताळ उघडलं. एरवी चंबू हलवला की सगळ्या पाण्यात तपकिरी धूर उठायचा. आता तळाशी साका बसला होता, आणि हलवल्यावर वर येऊन लगेच पुन्हा खाली. सूक्ष्मदर्शकाखाली माळा नव्हत्याच. दोन मणी, तीन मणी, एकटे मणी. आणि एकेका मण्यात चमकणारे तेलाचे थेंब.

"अय्यो," प्राची मॅडम म्हणाल्या. "हे तर उपाशी आहेत."

"उपाशी कसे? सगळं घातलंय की."

"सगळं?"

"सगळं," एकनाथराव म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

पुढचे दहा दिवस प्राची मॅडमनी जंग जंग पछाडलं. नायट्रेट वाढवून पाहिलं. काही नाही. लोह वाढवलं, दिवे बदलले, एसी दोन अंशांनी खाली आणला. बाहेरचे जंतू शिरलेत का ते तपासलं, नव्हते शिरले. डब्यांची रुंदी मोजली, कदाचित पुन्हा बारीक होत होत संपायला आले असतील म्हणून. तर तेही नव्हतं. एकेक चंबू जात राहिला. बाराचे आठ झाले, आठाचे पाच. शुक्रवारी सकाळी तीन उरले. विभागप्रमुख दारातून डोकावून म्हणाले, "एकनाथराव, हातगुण सुट्टीवर गेला काय तुमचा?" ते हसत म्हणाले होते. एकनाथरावांनी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दुपारी प्राची मॅडम खुर्चीत मागं रेलून बसल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काका, सोमवारी मी स्वतः मीडियम करते. सगळ्या बाटल्या नव्यानं. तुमच्यावर भरोसा नाही असं नाही, लाइट घ्या, मनावर नका घेऊ. फक्त एकदा माझ्या हातानं."

"करा की मॅडम. तुमचंच हाय."

"आणि सात नंबर दुप्पट घालू. माळा तुटल्यात, म्हणजे काड्या नीट बनत नाहीत. काच कमी पडायली असेल."

एकनाथराव फडकं पिळत होते. हात थांबले. "काच अन् सात नंबर? त्याचं काय?"

"सात नंबर म्हणजे सिलिकेट ना, काका, दगड-वाळूत असतं ते. त्यातूनच तर काच बनवतात हे. घर बांधायला विटा नाहीत तर पोट्टे दुभंगणार कसे? एक पेशी दोन व्हायची तर दोन तळ नवे लागतात. काच नसली की थांबून राहतात, जमवलेलं ऊन तेलात साठवतात, अन् खाली बसतात."

"मला वाटायचं," एकनाथराव हळूच म्हणाले, "कोंबडी अंड्याचं टरफल करते तसं हे आपल्या अंगातूनच काढतात."

"कोंबडीलासुद्धा चुना खावा लागतो, काका."

मॅडम तासाला गेल्या. एकनाथराव बाटल्यांसमोर उभे राहिले. सातवी उचलली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बूच फिरेना. उलटी केली, आत काही हललं नाही. औषध आत गोठून दगड झालं होतं.

आधी त्यांना घाम फुटला. सोमवारी मॅडम ही बाटली हातात घेणार. मग त्यांना वाटलं, कोठीच्या बाजारातल्या केमिकलच्या दुकानात नवी बाटली मिळेल, आकडा घालायला लाल रंग आहेच, कोण बघतंय? हे सगळं मनात येत असतानाच दुसरं काहीतरी खालून वर येत होतं, चंबू हलवल्यावर साका वर यावा तसं. सात नंबर आज बंद झालेला नाही. चौदा वर्षांपूर्वी बंद झाला. मग चौदा वर्षं हे काचेची घरं कशाची बांधत होते?

बदललं होतं ते एकच. पाणी.

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या कंपाउंडला लागून काळ्या-करड्या खडकाचा एक मोठा गोल धोंडा होता, जो फोडायला महाग म्हणून भिंतच वळवून घेतलेली. बोअर त्याच्या शेजारीच. खणताना दोन दिवस नुसती पांढरी भुकटी उडत होती, त्यांना आठवलं. मशिनवाला तेलुगूत शिव्या देत होता की इथं मातीच नाही, सगळा दगड. त्या दगडाच्या फटींतून झिरपलेलं पाणी.

आता घाम नव्हता. आता त्यांना नुसतं बघायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या आधी त्यांनी तीन छोटे चंबू घेतले. एकात आरओच्या पाण्याचा समुद्र. दुसऱ्यात बागेच्या नळाला अजून येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा. सात नंबर दोन्हींत नाही. तिसरा चंबू शनिवारी सकाळी भरला, घरून डब्याच्या पिशवीत आणलेल्या नळाच्या पाण्याचा.

"पाणी कशाला न्यायलात कॉलेजला?" सुनंदाबाईंनी विचारलं होतं. "तिथं काय दुष्काळ पडला?"

"आपल्या नळात दगड किती हाय ते बघायचंय."

सुनंदाबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "डोक्याला ऊन लागलंय तुमच्या. टोपी घाला."

तिन्हींत शेवटच्या चंबूंतले थेंब सोडले, एकाच दिव्याखाली ठेवले. रविवारी ते चावी मागून घेऊन कॉलेजात गेले. वॉचमनला वाटलं काही विसरलं असेल. काचेवर थेंब घेऊन मोजलं. फरक होता की नव्हता, सांगता येईना. त्यांना दिसावा असं वाटत होतं म्हणून दिसत असेल, म्हणून त्यांनी आकडे लिहून ठेवले आणि गप्प बसले.

सोमवारी ते आठलाच हजर. पहिल्या चंबूतला थेंब. दोन मणी, एक, एक, तीन. दुसऱ्या चंबूतला थेंब. एकनाथरावांनी भिंग फिरवलं आणि माळ सुरू झाली. ती एका बाजूनं आली आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेली. नऊ मणी. बाजूला अकरा. पुढं आठ. काड्या काड्यांना भिडलेल्या.

"अरे वा रे वा," ते मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं.

आणि त्याच क्षणी त्यांना त्याची किंमतही कळली. ही माळ कुणाला दाखवायची तर सांगावं लागणार, की सात नंबर यात नाही. आणि का नाही. आणि कधीपासून नाही. ते सांगितलं नाही, तर दुसऱ्या चंबूत काहीच अर्थ नव्हता. एक बरा चंबू आणि एक आजारी चंबू, बस्स. सांगितलं, तर चौदा वर्षांचा हातगुण म्हणजे मागच्या कंपाउंडचा बोअर. दुसऱ्या कॉलेजात माळ मरायची, कारण तिथं त्यांचा हात नव्हता असं नव्हे, तिथं हा दगड नव्हता. आणि सात नंबरही तिथं ताक होऊन जात असेल, किंवा नसेल. कुणी बघितलंय?

प्राची मॅडम साडेनऊला आल्या. बाही वर सारून थेट बाटल्यांकडं गेल्या. एक नंबर उचलला, दोन उचलला.

"मॅडम, सात नंबर नका उचलू."

"का?"

"त्याचा धोंडा झालाय."

मॅडमनी उचललीच. बूच फिरवलं, उलटी केली. "हे कधी झालं? मागच्या सोमवारी तर तुम्ही..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि एकनाथरावांकडं पाहिलं.

"मागच्या सोमवारी घातला नाही. त्याच्या मागच्याही नाही. चौदा वर्षांत एकदाबी नाही." एकनाथराव एका दमात बोलत होते, थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून. "घातला की ताक व्हायचं. मी बंद केला. बाईंना सांगितलं नाही. तुम्हालाबी नाही. मी 'सगळं घातलं' म्हणालो तेव्हा खोटं नव्हतो बोलत, ध्यानातच नव्हतं. पण शुक्रवारी ध्यानात आलं अन् तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. आधी बघायचं होतं. आता इकडं या. इकडं बघा आधी, मग काय बोलायचं ते बोला."

मॅडम बोलणारच होत्या. पण एकनाथरावांनी त्यांना दंडाला धरून जवळजवळ ढकलतच सूक्ष्मदर्शकाशी नेलं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"यात काय घातलं?"

"बोअरचं पाणी. बाकी काही नाही."

"सिलिकेट?"

"म्हटलं ना, नाही. ते धोंड्यातनं येतंय. मागच्या त्या धोंड्यातनं. चौदा वर्षं हे काकिनाड्याचे पोट्टे हैदराबादचा दगड खाऊन घरं बांधायलेत, मॅडम."

प्राची मॅडमनी डोळा काढला. त्यांचा चेहरा एकाच वेळी रागानं लाल आणि आनंदानं उघडा असा काहीतरी झाला होता. "काका, मी तीन वर्षांचे सगळे टेबल लिहिलेत त्या तक्त्यावर भरोसा ठेवून. सिलिकेट इतकं, सिलिकेट तितकं. सगळं चूक! सगळं पुन्हा लिहावं लागणार, मालूम?"

"मालूम."

"दहा दिवस मी वेड्यासारखी... नऊ चंबू गेले, काका!"

एकनाथराव मान खाली घालून उभे राहिले.

मॅडम पुन्हा भिंगाकडं वळल्या. माणसावर रागावून भिंगाकडं वळता येतं, ही या कामातली सोय आहे. दोन मिनिटांनी त्या तिथूनच म्हणाल्या, "आरओवाले पूर्ण मेले का नाहीत? काच शून्य असायला पाहिजे."

"मी पण तोच विचार करायलोय. चंबू काचेचा हाय ना?"

मॅडमनी मान वळवली. "म्हणजे चंबूलाच चाटून..."

"जगत होते. असं वाटतंय."

निर्मलाबाईंना फोन एकनाथरावांनीच केला. मॅडम 'मी करते' म्हणत होत्या, त्यांनी करू दिला नाही. पलीकडं आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग बाईंचा आवाज. एकनाथरावांनी सगळं सांगितलं. सात नंबर, ताक, चौदा वर्षं, तीन चंबू. पलीकडं बाईंनी गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"एकनाथराव."

"हां बाई."

"मी त्या कॉलेजच्या प्राध्यापकांना काय म्हणाले होते, आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही मागे उभे होता."

"हौ. होतो."

"आणि गप्प राहिलात."

"ऐकायला चांगलं वाटलं, बाई."

पलीकडं श्वास सोडल्याचा आवाज आला. "मला सांगायलाही चांगलं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "शास्त्र शिकवणारी बाई मी. पाण्यात काय आहे ते एकदा तपासायचं सोडून हाताचं कौतुक करत बसले. तुम्ही अटेंडर होता. मी कोण होते?" मग आवाज एकदम बदलला, तास घेतानाचा झाला. "दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात बोअर आटला होता. मग खोल नेला. किती खोल?"

"तीनशेवरनं साडेपाचशे फूट."

"त्यानंतर माळा लांब झाल्या की आखूड?"

एकनाथरावांनी डोळे मिटले. "लांब झाल्या. त्या वर्षी वीस-वीसच्या होत्या. आपण म्हणालो पाऊस चांगला झाला म्हणून."

"पावसाचा काय संबंध होता?"

"काहीच नव्हता, बाई."

"मूर्ख होतो आपण दोघं," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांचा राग गेला नव्हता, पण तो आता दोघांत वाटला गेला होता. "मी उद्या येते. तोवर सगळ्या चंबूंना बोअरचं पाणी द्या, आणि एक माळ तरी दुसऱ्या कॉलेजात ठेवायला पाठवा, सोबत त्या पाण्याचा कॅन. आणि भिंतीवरचा तो तक्ता काढा."

तक्ता काढल्यावर भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. प्राची मॅडमनी कोरा कागद पुढं केला. "लिहा काका. तुम्ही खरंच जे करता ते. कॉइलपासून."

"मराठीत लिहू? इंग्रजी नावं मला येत नाहीत."

"लिहा. मी बोट ठेवून वाचते."

एकनाथरावांना ते लिहायला दीड तास लागला. चार वर्षांच्या मुलाला माहीत असावी इतकी साधी वाटणारी कामं कागदावर उतरेनात. 'थोडं ढवळावं' असं लिहिलं तर मॅडम विचारत, "थोडं म्हणजे किती?" आणि त्यांनाच उठून, हवेत हात फिरवून, मोजून बघावं लागे. पाणी किती वाजता भरता? सकाळी भरलेलं आणि दुपारी भरलेलं सारखंच असतं का? त्यांनी कधी विचार केला नव्हता. ते 'माहीत नाही' असं लिहीत गेले. कागदावर सहा ठिकाणी 'माहीत नाही' झालं, तेव्हा मॅडमना हसू आलं.

"हातगुणाचं काय लिहू?" एकनाथरावांनी विचारलं.

"त्याच्यापुढं पण माहीत नाही लिहा," मॅडम म्हणाल्या. "एवढे उन्हाळे यांना माठात कुणी वाचवलं? ते पाण्यानं केलं नाही."

एकनाथरावांनी ते लिहिलं नाही. तेवढ्यात त्यांना तिसरा चंबू आठवला होता. सकाळपासून गडबडीत तो बघायचाच राहून गेला होता, घरच्या नळाच्या पाण्याचा. त्यांनी थेंब काचेवर घेतला, भिंग खाली आणलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्या जागी सरकून पुन्हा.

"मॅडम, हे पाच-पाचचे हायत. ना मेले, ना नीट वाढले. सगळ्या माळा पाचाच्या आसपास."

"पाच?"

"घरी नळाला कृष्णेचं पाणी येतं. नदीत दगड कमी असणार, हे खरं. पण मग सगळेच पाचावर का थांबावेत? काहींना चार, काहींना नऊ, असं का नाही?"

प्राची मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. "सरका जरा," त्या म्हणाल्या.

एकनाथराव सरकले, पण फार नाही. भिंग दोघांच्या मध्ये राहिलं.